वारा सुटला की विमान खाली



उसाच्या पत्रिकेत विमानाचे काय काम, असे शीर्षक वाचून आपणास वाटेल. आणि विमान तरी कसले, तर हौशी लोक मैदानावर उडवतात ते दीड-दोन किलो वजनाचे छोटे विमान! लागण, बांधणी, खोडवा, पाचट हे आमचे नेहमीचे विषय. परंतु गेल्या काही हंगामांत आपल्या भागात फवारणीचे ड्रोन आले आणि ऊस विकास विभागाकडे एक नवीनच तक्रार येऊ लागली.

"साहेब, ड्रोनवाल्या ताई सकाळी आल्या, वारा बघितला आणि बसून राहिल्या. वारं होतं कुठं? नुसती झुळूक होती. आमचं औषध कालवलेलं वाया गेलं."

तक्रार करणारा सभासद खोटे बोलत नाही. त्याच्या अंगाला ती झुळूकच लागलेली असते. पण जमिनीवर पाय रोवून उभ्या असलेल्या माणसाचा वारा निराळा आणि अधांतरी असलेल्या हलक्या यंत्राचा वारा निराळा. हा फरक छोटी विमाने उडवणाऱ्या हौशी मंडळींनी ड्रोन येण्याच्या कितीतरी आधी शिकून घेतला आहे, आणि तोही स्वतःची विमाने मोडून. म्हणून आज त्यांच्या मैदानावर एक फेरी मारू आणि मग आपल्या बांधावर येऊ.

हौस दीडशे वर्षांची

छोट्या विमानाची हौस मोठ्या विमानापेक्षा जुनी आहे. १८७१ सालच्या ऑगस्ट महिन्यात पॅरिसच्या तुइलरी बागेत आल्फोन्स पेनो या तरुणाने रबराला पीळ देऊन चालणारे एक छोटे विमान उडवून दाखवले. ते अकरा सेकंद हवेत राहिले आणि सुमारे चाळीस मीटर गेले. पेनोच्याच धर्तीचे रबरावर उडणारे एक खेळणे १८७८ साली अमेरिकेतील राइट यांच्या घरी वडिलांनी मुलांसाठी आणले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑरव्हिल. पुढे त्यांनी काय केले ते आपण शाळेत वाचलेच आहे.

आपल्याकडेही ही हौस नवी नाही. कॉलेजात एन.सी.सी.च्या हवाई शाखेत असलेली आपली मुले बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाची विमाने स्वतः कापून, चिकटवून तयार करतात. या विमानांचे ढोबळ तीन प्रकार. एक मोकळे सोडून द्यायचे, ते वाऱ्याच्या मर्जीवर फिरते. दुसरे तारेला बांधलेले, ते उडवणाऱ्याभोवती गोल फिरते. तिसरे रेडिओच्या लहरींवर चालणारे, हातातल्या पेटीने वळवता येणारे. पूर्वी छोटे तेलाचे इंजिन असे, आता बहुतेक ठिकाणी बॅटरी आणि मोटर आली.

प्रकार कोणताही असो, मैदानावर आल्यावर पहिले काम एकच: वारा पाहणे. कोणी चिमूटभर माती सोडून पाहतो, कोणी काठीला रिबिनीचा तुकडा बांधतो, कोणी वारामापक घेऊन येतो. वारा जास्त असला तर डबे उघडायचेच नाहीत. महिनाभर खपून केलेले विमान आणि सुट्टीचा एकच दिवस, तरीही गप्पा मारत बसायचे आणि तसेच परत घरी न्यायचे. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाने तर मोकळ्या उड्डाणाच्या स्पर्धांसाठी नियमच घालून दिला आहे. जमिनीपासून दोन मीटर उंचीवर वारा सेकंदाला नऊ मीटरपेक्षा, म्हणजे ताशी सुमारे ३२ किलोमीटरपेक्षा, जास्त टिकून राहिला तर स्पर्धा थांबवायची. ही झाली पट्टीच्या लोकांची हद्द. नवशिक्याने ताशी १५ किलोमीटरच्या पुढे विमान हातातून सोडू नये, असे जाणकार सांगतात.

पतंगाला हवा, विमानाला नको

कोणी म्हणेल, संक्रांतीला वारा नसला तर पतंग उडत नाही, मग विमानाला वाऱ्याचे वावडे का? कारण सोपे आहे. पतंगाला दोरा असतो. दोऱ्याने त्याला धरून ठेवलेले असते, म्हणून वारा त्याच्यावर आदळतो आणि त्याला वर उचलतो. विमानाला धरणारे कोणी नाही. नदीला पूर आला असता होडी जशी पाण्याबरोबर वाहते, तसे विमान हवेबरोबर वाहते.

हिशेब करून पाहू. एक छोटे विमान हवेत ताशी ४० किलोमीटरने उडते असे धरा. वारा ताशी ३० किलोमीटर आहे. वाऱ्याच्या दिशेने विमान निघाले तर जमिनीवरून पाहणाऱ्याला ते ताशी ७० किलोमीटरने पळताना दिसेल. एका मिनिटात ते एक किलोमीटरच्या पुढे जाईल आणि डोळ्यांना ठिपका दिसेल. आता त्याला परत वळवा. वाऱ्याविरुद्ध त्याचा वेग उरला ताशी फक्त १०. एका मिनिटात गेलेले अंतर परत यायला सात मिनिटे लागणार. बॅटरी दहा मिनिटांची असली तर हौसेचे विमान दुसऱ्याच्या शिवारात उतरलेच म्हणून समजा.

दुसरी गोष्ट वाऱ्याच्या जोराची. वारा दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. तिप्पट झाला की नऊपट होतो. ताशी १० किलोमीटरची झुळूक २० वर गेली तर आपल्याला फक्त टोपी सावरावी लागते. पण दीड किलोच्या विमानाला चौपट धक्का बसतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत वाईट. वारा सारखा वाहत नाही, झोताझोताने येतो. शिवाय झाडांची रांग, घर, गोठा, उसाचा उभा फड असे काही आडवे आले की त्याच्या पलीकडे वारा भोवरे घेतो. अडथळ्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत हवा अशी ढवळलेली राहू शकते. विमान उतरायला लागले, वेग कमी झाला, की नेमके या भोवऱ्यात सापडते आणि एक पंख खाली जाऊन नाक जमिनीत रुतते. म्हणून हौशी मंडळी मैदान निवडतानाच झाडांपासून लांब निवडतात.

राइट बंधूंचाच दिवस पाहा. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूवर ताशी सुमारे ४० किलोमीटरचा वारा होता. त्या समोरच्या वाऱ्याचा उपयोग करूनच ऑरव्हिलचे विमान उचलले गेले आणि बारा सेकंदांत १२० फूट गेले. त्या दिवशीचे चौथे उड्डाण ५९ सेकंदांचे आणि ८५२ फुटांचे झाले. त्यानंतर विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याच्या एका झोताने ते उलथेपालथे केले. इतके मोडले की ते पुन्हा कधी उडलेच नाही. ज्या वाऱ्याने उचलले त्यानेच मोडले, तेही एकाच दिवसात.

आता आपल्या फडावर

ड्रोन म्हणजे काही निराळी जात नव्हे. त्याला पंखांऐवजी चार, सहा किंवा आठ फिरते पाते आहेत एवढेच. वारा आला की जागेवर टिकून राहण्यासाठी तो वाऱ्याकडे कलतो आणि जास्त जोर लावतो. बॅटरी लवकर संपते. टाकीतले औषध हिंदकळते. ओळ सरळ राहत नाही, म्हणजे एका पट्ट्यात औषध दोनदा पडते आणि शेजारचा पट्टा कोरडा राहतो.

हौशी माणसाचे विमान पडले तर त्याचे त्याचे नुकसान होते. आपल्या ड्रोनची बाब तशी नाही. भरल्या टाकीसह फवारणीच्या ड्रोनचे वजन २५ किलोपर्यंत असू शकते. ते गरगर फिरणाऱ्या पात्यांसह माणसावर, जनावरावर किंवा विजेच्या तारेवर आले तर काय होईल ते सांगायला नको. म्हणूनच ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे या वजनाचा ड्रोन चालवणाऱ्याकडे रीतसर प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र असावे लागते.

आणि खरी काळजी औषधाची. पाठीवरच्या पंपाने आपण एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी वापरतो. ड्रोन तेच औषध साधारण दहा लिटर पाण्यात देतो. म्हणजे प्रत्येक थेंब जास्त तिखट, आणि थेंबही बारीक. शंभर मायक्रॉनचा थेंब, म्हणजे जवळपास केसाच्या जाडीचा, तीन मीटर उंचीवरून खाली यायला दहा-अकरा सेकंद घेतो. वारा ताशी अवघा ५ किलोमीटर असला तरी तेवढ्या वेळात तो चाळीस-पंचेचाळीस फूट बाजूला सरकतो. वारा १५ झाला की अंतर तिप्पट. वीस मायक्रॉनचा थेंब असेल तर तो चार मिनिटे तरंगतो आणि त्याच मंद वाऱ्यावर तीनशे मीटर पलीकडे जातो. पात्यांच्या झोताने थेंब खाली ढकलले जातात हे खरे, पण वारा वाढला की तो झोतही तिरका होतो.

मग हे औषध जाते कुठे? शेजारच्या द्राक्षबागेत, भाजीच्या वाफ्यात, वैरणीवर, विहिरीत, मधमाश्यांच्या पेट्यांवर. तणनाशकाच्या बाबतीत तर फार जपावे. टू-फोर-डी हे तणनाशक उसाला मानवते, पण द्राक्ष, कापूस, टोमॅटो यांना त्याचा वाराही सोसत नाही. पाने आक्रसून पंज्यासारखी होतात. फवारणी ड्रोनने असो वा पाठीवरच्या पंपाने, नियम एकच आहे. वाऱ्यावर तणनाशक मारायचे नाही. बांधावरून निघालेली भांडणे किती पिढ्या चालतात ते आपण सर्वजण जाणतो. त्यात वाऱ्याने आणखी एक घालू नये.

वारा ओळखावा कसा

वारामापक सर्वांकडे नसतो. पण डोळे सर्वांना आहेत. ब्रिटिश आरमारातील फ्रान्सिस बोफर्ट यांनी १८०५ साली शिडांवरून वारा ओळखण्याचे कोष्टक केले. पुढे जमिनीवरच्या खुणांसाठीही ते तयार झाले. आपल्या भाषेत ते असे:

धूर सरळ वर जातो, पान हलत नाही: वारा ताशी १ किलोमीटरच्या आत.

धूर कलतो, पण तोंडाला वारा लागत नाही: १ ते ५.

तोंडाला वारा लागतो, पाने सळसळतात: ६ ते ११.

पाने आणि बारीक डहाळ्या सारख्या हलतात, हलके निशाण फडकते: १२ ते १९.

धूळ आणि कागद उडतात, लहान फांद्या हलतात: २० ते २८.

लहान झाडे डोलू लागतात: २९ ते ३८.

मोठ्या फांद्या हलतात, छत्री धरणे अवघड होते: ३९ ते ४९.

फवारणीला सर्वांत चांगली वेळ म्हणजे तोंडाला वारा लागतो, पाने सळसळतात ती. डहाळ्या सारख्या हलू लागल्या की हात आखडता घ्यावा. धूळ उडाली की विषय संपला.

येथे दोन सूचना. पहिली, वारा उसाच्या सरीत उभे राहून पाहू नये. दहा-बारा फूट उंच उसात आत पान हलत नाही, आणि शेंड्यावर, जेथे ड्रोन उडतो तेथे, चांगला वारा असतो. बांधावर, मोकळ्या जागी या आणि शेंडे पाहा. दुसरी, दिशा पाहावी. हंगाम चालू असताना आपल्या कारखान्याच्या धुरांड्याचा धूर ही गावोगावी दिसणारी फुकटची खूण आहे. ती वरच्या वाऱ्याची दिशा दाखवते. तिच्या जोडीला बांधावर काठीला चिंधी बांधली की खालचीही दिशा कळते. शेजाऱ्याच्या नाजूक पिकाकडे वारा जात असेल तर तो कितीही मंद असला तरी त्या कडेला फवारू नये.

अगदी पडलेला वाराही फसवा

हौशी विमानवाल्यांना पहाटेची पडलेली हवा फार आवडते. विमान सुतासारखे सरळ जाते. फवारणीला मात्र ती हवा चालत नाही, हे पुष्कळांना नवल वाटेल. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खाली बसते आणि वर ऊबदार हवेचे झाकण पडते. अशा हवेत बारीक थेंब ना खाली येतात ना वर जाऊन विरतात. ते धुक्यासारखे तरंगत राहतात आणि उताराने हळूहळू कोठेही सरकतात. याची खूण सोपी आहे. वस्तीवरच्या चुलीचा धूर थोडा वर जाऊन चादरीसारखा आडवा पसरला तर समजावे की झाकण पडलेले आहे. सूर्य वर येऊन तास-दीड तास झाला, जमीन तापू लागली की हे झाकण उचलते.

पुढे ऊन चढले की उलट होते. तापलेली हवा वर जाते, वरचा वेगवान वारा खाली येतो आणि दुपारी वारा सर्वांत जोरात असतो. म्हणून सर्वसाधारणपणे सकाळी उन्हे आल्यापासून दहाच्या सुमारापर्यंत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर, दिवस मावळायच्या आधी, एवढाच काळ आपल्या हातात राहतो.

ऋतूप्रमाणेही फरक पडतो. थंडीत वारा मंद, पण सकाळचे झाकण उशिरा उठते. मार्च ते मे दुपारी गरम वारे, वावटळी आणि वळवाचा भरवसा नाही. शांत वाटणाऱ्या दुपारी अचानक वावटळ उठते आणि हातातले विमान गिरकी घेऊन पडते, हा हौशी मंडळींचा नेहमीचा अनुभव. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा जोरदार वारा. पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर आणि सांगलीकडे ढालगाव भागात पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत. अडचण अशी की पोक्का बोईंग, तांबेरा यांचा जोर याच दमट दिवसांत असतो. मोठ्या बांधणीनंतर उसात पंप घेऊन शिरता येत नाही, म्हणून ड्रोनची गरजही तेव्हाच जास्त. अशा वेळी सबंध क्षेत्र एका दिवसात उरकण्याचा हट्ट धरू नये. वारा पडेल त्या तासात होईल तेवढे करावे.

सभासदांना विनंती

१. ड्रोन ठरवताना एक दिवस न सांगता लागोपाठ दोन-तीन दिवस राखून ठेवावेत.

२. औषध आधी कालवून ठेवू नये. ड्रोन चालवणाऱ्याने वारा पाहून होकार दिल्यावरच कालवावे. वाया गेलेल्या औषधाच्या बहुतेक तक्रारी या एका गोष्टीने मिटतील.

३. बांधालगतच्या शेतकऱ्यास आदल्या दिवशी कळवावे. त्याच्याकडे द्राक्ष, भाजीपाला किंवा मधमाश्यांच्या पेट्या असतील तर त्या बाजूच्या काही सऱ्या सोडून द्याव्यात.

४. विजेच्या तारा, उंच झाडे, विहीर आधी दाखवावी.

५. ड्रोन चालवणारा "आज नको" म्हणाला तर त्याला भरीस पाडू नये.

या पाचव्या विनंतीविषयी थोडे अधिक. २०२३ साली मंजूर झालेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत देशभरातील १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे ठरले. त्यामुळे आपल्या बांधावर ड्रोन घेऊन येणारी पुष्कळदा आपल्याच गावची सून किंवा लेक असते. तिला पैसे एकरावर मिळतात, बसून राहण्याचे नाही. ती उडवत नाही म्हणजे त्या दिवसाची कमाई ती स्वतःच सोडत असते. चार वडीलधारी माणसे भोवती उभी राहून "एवढं काय होतंय, उडव की" म्हणू लागली, तर तिला नाही म्हणणे किती जड जात असेल याचा विचार करावा. ड्रोन पडला तर दुरुस्ती तिच्या गटावर येते. शेजाऱ्याची बाग जळली तर बोल तिलाच लागतो. हौशी विमानवाला आपले विमान वाचवण्यासाठी थांबतो. ही बाई आपले पीक, शेजाऱ्याचे पीक आणि आपल्या गटाचे कर्ज वाचवण्यासाठी थांबते. तिच्या नकाराला आपण पाठिंबा दिला पाहिजे.

शेतकऱ्याला वाट पाहणे नवीन नाही. आपण पावसाची वाट पाहतो, पाण्याच्या पाळीची वाट पाहतो, तोडणीच्या चिठ्ठीची तर महिना महिना वाट पाहतो आणि त्यापायी आम्हाला चार शब्द सुनावतोही. वाऱ्यासाठी दोन तास थांबणे त्यामानाने काहीच नाही. ज्या सभासदांना वारा पाहण्याची पद्धत प्रत्यक्ष समजून घ्यायची असेल त्यांनी आपल्या गट कार्यालयात नाव नोंदवावे. आमचे कर्मचारी बांधावर येऊन दाखवतील. येताना काठी आणि चिंधी तेवढी आपली असू द्यावी.

— ऊस विकास अधिकारी